गार्गीचे पंख आणि मालवणचं खोबरेल

आधीच सांगून टाकते, चूक माझी होती. आमचे हे, म्हणजे दशरथ, चाळीत सगळ्यांना सांगत फिरले की "आमच्याकडून तेल जरा जास्त झालं." आमच्याकडून नाही, माझ्याकडून. आणि जरा नाही, चांगली अर्धी बाटली. पण त्या दिवशी देवनारला मी जे पाहिलं ते सांगायला घेतलं की आजही माझा आवाज चढतो, हात हलायला लागतात, म्हणून मध्ये कोणी बोलू नका.

मी रत्नप्रभा. विक्रोळीला चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहते आणि तळमजल्यावर पोळी-भाजी केंद्र चालवते. रोज चारशे पोळ्या लाटून होतात, त्यामुळे माझे दंड आणि माझी जीभ दोन्ही कधी थकत नाहीत. मुलगा नितेश टेम्पोतून ऑफिसांना डबे पोचवतो. आणि शेजारच्या खोलीत गेली नऊ वर्षं आभाळकर राहतात. बाळ, त्याची बायको जया आणि मुलगी गार्गी. तिघांनाही पंख आहेत.

त्यांचं खरं आडनाव आपल्याला उच्चारताच येत नाही. त्यांच्या गळ्यातून एका वेळी दोन सूर निघतात आणि दोन्ही मिळून ते नाव होतं. रेशन कार्डाच्या वेळी कारकुनाने बाळच्या वडिलांना मूळ गाव विचारलं. म्हाताऱ्याने वर बोट दाखवलं. कारकुनाने आभाळकर लिहून टाकलं आणि पुढच्याला बोलावलं.

नऊ वर्षांत मी या लोकांना जवळून पाहिलंय, तेव्हा ऐका. पंख पाठीवर, हात वेगळे. हाडं आतून पोकळ. गार्गी बारा वर्षांची, उंचीला माझ्या खांद्याला लागते, पण वजन एकोणीस किलो. पिठाची पोती उचलणारी मी, तिला एका हाताने काखोटीला मारायची. अंग कायम तापलेलं. पहिल्या वर्षी बालवाडीतल्या बाई तिला दर आठवड्याला ताप म्हणून घरी पाठवायच्या. शेवटी मीच जाऊन भांडले, की बाई, हिचा एकशे चार हा ताप नव्हे, ही तिची तब्येत आहे. दर दोन तासांनी पोटात काहीतरी लागतं, नाहीतर डोळ्यांवर पातळ पांढरा पडदा ओढून घेतात आणि बसल्या जागी झोपतात. घाम येत नाही, उकडलं की तोंड उघडून धापा टाकतात. श्रावणात जुनी पिसं झडतात आणि मग महिनाभर माझ्या कणकेत पिसं सापडतात.

रीतीही सगळ्या उलट्या. आल्या आल्या मी जयाला हळदीकुंकवाला बोलावलं. ती आली आणि सरळ माझ्याकडे पाठ करून बसली. सगळ्या बायकांसमोर! माझा असा पारा चढला की आठ दिवस मी तिच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी बाळने समजावलं. पंखांची मुळं पाठीत असतात, तिथे वर्मी घाव बसला तर माणूस जन्माचा जमिनीवर येतो. म्हणून पाठ फक्त त्यालाच दाखवायची, ज्याच्यावर पूर्ण भरवसा आहे. तोंडाकडे तोंड करून बसायचं ते परक्यांसमोर. मी कानाला हात लावला आणि ठरवलं, या लोकांच्या बाबतीत पुन्हा घाई करायची नाही. ठरवलं होतं खरं.

आता मुद्द्याचं. या लोकांची मुलं आपोआप उडायला लागत नाहीत. बाराव्या वर्षी पंखांची मोठी पिसं पुरी येतात आणि नेमकं त्याच वेळी खांद्यामागचं एक कोवळं हाड घट्ट व्हायला लागतं. ते घट्ट व्हायच्या आत एकदा तरी पूर्ण जोर लावून उडावं लागतं. त्या ताणाने हाड मधोमध उकलतं आणि खांदा मोकळा होतो, तो कायमचा. नाही उडलं तर खांदा बंद. पंख राहतात, पण नुसते पाठीवरचं ओझं म्हणून. जयाची मोठी बहीण घाटकोपरला असते, तिचं तसंच झालं. भर उन्हाळ्यातसुद्धा ती पंखांवर शाल घट्ट बांधून फिरते आणि कधी वर बघत नाही. गार्गीचं तसं होऊ नये, एवढा एकच घोर त्या घराला लागलेला होता.

पहिल्या उड्डाणाला जमिनीवरचं एक माणूस लागतं, त्याला ते थारा म्हणतात. थारा रक्ताच्या नात्यातला चालत नाही आणि त्याला स्वतःला उडता येता कामा नये. त्या दिवशी सूर्य उगवल्यापासून मूल थाऱ्याच्या ताब्यात, आईबापांनी बोटही लावायचं नाही. पंख तयार करायचे थाऱ्याने, न्यायचं थाऱ्याने, आणि मूल वर गेलं की खाली बोलवायचं तेही थाऱ्यानेच. हाक एकदाच मारायची, आणि मुलाचा चेहरा दिसेनासा झाल्यावरच. जरा जरी आधी मारली तरी मूल हाकेसरशी वळतं, ताण अपुरा पडतो आणि खांदा अर्धाच उघडतो. जयाने हे मला तीनदा बजावलं होतं.

"काकी, रागावू नका, पण तुम्हाला ओरडायची सवय आहे," ती म्हणाली.

"मला? सवय?" मी असं काही ओरडले की गॅलरीतले सगळे हसायला लागले.

थारा मुलानेच निवडायचा असतो, आणि गार्गीने मला निवडलं होतं. नितेश दहावी पास झाला तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता. मी पेढे वाटले. खालच्या वाण्यालासुद्धा दिले, ज्याच्याशी माझं दोन वर्षं भांडण होतं.

पण उडायला उभा वारा लागतो. देवनारचा कचऱ्याचा डोंगर आतून धुमसत असतो, त्यावर कडक ऊन पडलं की गरम हवा सरळ वर चढते, तो उभा वारा. आपण जिथून जाताना नाक दाबतो, त्या जागेसाठी हे लोक सह्याद्रीचे कडे सोडून इकडे आले. यंदा मात्र ऑक्टोबर लागला तरी ढग हटेनात. एक दिवस गेला, दोन गेले, तेरा गेले. जया रोज पहाटे गार्गीच्या खांद्यामागे अंगठा दाबून बघायची. आधी तिथे भिजवलेला वाल होता, मग सुपारी झाली. चौदाव्या दिवशी उजाडायच्या आधीच आभाळ लख्ख दिसलं. जयाने अंगठा दाबला, बराच वेळ दाबून धरला.

"आजच. उद्या हे उघडणार नाही," ती म्हणाली.

बाळ आणि जया वारा बघायला देवनारला निघाले. जाताना जयाने माझ्या हातात एक पुरचुंडी दिली. त्यांच्या कड्यावरची राखाडी माती, मैद्यासारखी बारीक.

"ही पंखांना चोळा आणि पिसं विंचरा. बाकी काही करू नका, काकी."

आता तुम्हीच सांगा, एवढा मंगल दिवस, आणि पोरीच्या अंगावर माती टाकायची? आमच्यात माणसावर माती कधी टाकतात ते मी वेगळं सांगायला नको. माझ्या जिवाला ते पटेचना. देव्हाऱ्याशेजारी मालवणहून आलेल्या घाण्याच्या खोबरेलाची बाटली होती. त्या तेलावर माझी पोरं वाढली, त्यांची हाडं बघा कशी आहेत. मी पुरचुंडी फळीवर ठेवली, तेल कोमट केलं आणि गार्गीला पाटावर बसवलं.

"काकी, मातीच लावायची असते ना?" तिने विचारलं.

"गप गं. मला कळतं."

हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "अगो, जयाक विचारलंस?"

"तुम्ही पेपर वाचा," मी म्हटलं.

आणि मी मालिश केली. अहाहा, काय मालिश केली! मुळापासून टोकापर्यंत, एकेक पीस हातात घेऊन. पोरीच्या पंखांना आईशिवाय कोणाचा हात लागलेला नव्हता. तिने डोळ्यांवर पडदा ओढला आणि बसल्या बसल्या झोपून गेली. पंख काळेभोर चमकायला लागले. मी स्वतःवर एवढी खूश झाले की काही विचारू नका.

साडेदहाला जया धाडकन गॅलरीत उतरली. "काकी, घारी फिरायला लागल्या! उभा वारा आलाय, चला, चला!"

गार्गी खडबडून उठली आणि तिने पंख उघडले. एरवी तिने घरात पंख झटकले की भिंतीवरचं कॅलेंडर उडून पडायचं. आज चप्प असा आवाज आला. पिसं एकमेकांना चिकटून त्यांच्या वाती झाल्या होत्या आणि वातींच्या मधून मला पलीकडची दोरी आणि दोरीवरचा टॉवेल स्वच्छ दिसत होता. तिने पंख जोरात हलवले, पुन्हा हलवले. कॅलेंडर जागचं हललं नाही.

जयाच्या गळ्यातून दोन्ही सुरांत जी किंकाळी निघाली ती चौथ्या चाळीपर्यंत गेली. मग ती वळली आणि माझ्या तोंडासमोर तोंड करून उभी राहिली. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मला कळायचं ते कळलं, आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

"एकेका पिसाला हजारो बारीक आकडे असतात," ती म्हणाली. "ते एकमेकांत अडकतात म्हणून हवा आरपार जात नाही. माती लावली की आकडे कोरडे होऊन घट्ट बसतात. तेलाने सगळे सुटले, काकी. सगळे."

"साबणाने धुऊ या. आत्ता धुते."

"वाळायला संध्याकाळ होईल. वारा तीनपर्यंत." तिने लेकीकडे हात पुढे केले, मग आठवण होऊन मागे घेतले आणि काखेत दाबून धरले. आईने हात लावला की तो दिवस मोडला, आणि गार्गीकडे दुसरा दिवस नव्हता.

गार्गी रडली नाही. तिने मलाच विचारलं, "काकी, मी पण मावशीसारखी शाल बांधायची का आता?"

मी मटकन खाली बसले. ढसाढसा रडले, डोकं बडवून घेतलं. हे पेपर टाकून उठले आणि माझ्या पुढ्यात उभे राहिले.

"रडान काय होतला? तेल लावलंस तू, आता काढ तूच. कपड्यांवरचा रोज काढतंस मां?"

खरं सांगते, या माणसाने आयुष्यात मला एकच कामाची गोष्ट सांगितली असेल, तर ती ही. तीस वर्षं तेलात हात घातलेली बाई मी. साडीवर तेल सांडलं तर पाणी कोण लावतं? कोरडं पीठ लावायचं. पीठ तेल पिऊन घेतं.

"वसुधा!" मी गॅलरीतून हाक मारली. वसुधा माझ्याकडे पोळ्या लाटते. "चुली बंद कर! डाळीच्या पिठाचा डबा आण! दोन्ही डबे! आणि सगळ्या फण्या!"

"आणि जेवणाचे डबे?"

"ऑफिसं एक दिवस वडापाव खातील! वर ये!"

मग जे सुरू झालं ते बघायला अर्धी चाळ दारात जमली. एका पंखावर मी, दुसऱ्यावर वसुधा. मूठभर पीठ घ्यायचं, पिसांत दाबायचं, शंभरपर्यंत मोजायचं, झटकायचं, फणी फिरवायची. पहिल्या फेरीला पिठाचे नुसते गोळे निघाले, झुणका करावा असे. दुसऱ्या फेरीला गोळे लहान झाले. तिसऱ्याला पीठ मोकळं पडायला लागलं तेव्हा मी टाळी वाजवली. जया दारातून ओरडत होती, "मुळाशी, काकी, मुळाशी अजून आहे! उलटं नका विंचरू!" तिचे हात काखेतच. तिची धडपड मला बघवत नव्हती. आई समोर उभी आणि लेकीला हात लावायची सोय नाही. गार्गी मधे उभी राहून शेंगदाण्याचा एकेक लाडू खात होती आणि दर दोन मिनिटांनी शिंकत होती.

साडेबारा वाजले. "आई, आत्ता निघालो नाही तर वाट लागली समज," नितेश खालून ओरडला. उजव्या पंखाची टोकाची पिसं राहिलीच होती. मी पिठाचा डबा काखेत मारला, मातीची पुरचुंडी कनवटीला लावली, गार्गीला उचललं आणि टेम्पोत चढले. वसुधा, हे आणि जया मागून आले. जयाला उडत जाता आलं असतं, पण ती लेकीला सोडायला तयार नव्हती.

हायवेवर टेम्पोच्या मागच्या फळीवर बसून आम्ही पंख चोळत होतो. झटकलं की पिवळा धुरळा मागे उडायचा. मागचे मोटारसायकलवाले पिवळेजर्द. एक रिक्षावाला बाजूला येऊन ओरडला, "ओ मावशी, भजी तळताय काय?"

"येतोस का खायला? चल, बाजूला हो आधी!"

घाटकोपरला गाड्यांची ही रांग. नितेश हॉर्नवरचा हात काढेना. मी म्हटलं, आता पीठ पुरे, माती लावून बघू. पुरचुंडी सोडली, दोन बोटांत चिमूटभर घेतली आणि एक लांब पीस मुळापासून टोकापर्यंत बोटांतून ओढलं. चर्र असा इवलासा आवाज आला. मी पीस उन्हात धरलं. आरपार काही दिसेना. आकडे बसले होते!

"बसले!" मी एवढ्या जोरात ओरडले की नितेशने ब्रेक मारला आणि मागची गाडी आमच्यावर आदळता आदळता राहिली. "अगं जया, बसले! बघ, बघ तू!"

जया पुढे वाकली. हात न लावता तिने ते पीस बघितलं, मग दुसरं बघितलं, मग तिसरं. मग ती टेम्पोतल्या पोत्यावर वळली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या आणि गालावर पिठाचं खळ झालं. मी तशीच पुढचं पीस हातात घेतलं.

देवनारला पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. कचऱ्याच्या डोंगराच्या खाडीकडच्या अंगाला एक जुना मातीचा बांध आहे, तिथे सगळे आभाळकर जमले होते. घाटकोपरचे, विक्रोळीचे, साठ-सत्तर तरी माणसं, पंख मिटून, एक शब्द न बोलता. पहिल्या उड्डाणाला थाऱ्याशिवाय कोणी आवाज करत नाही. घाटकोपरची मावशीही शाल बांधून मागे उभी होती. वर थोड्याच घारी उरल्या होत्या.

बाळ धावत आला आणि माझ्या कानात म्हणाला, "घारी खाली यायला लागल्यात, काकी. वारा बसतोय. आत्ता, नाहीतर नाहीच."

उजव्या टोकाची तीन-चार पिसं अजून तेलकटच होती. मी त्यांवर उरलेली माती चोळली, फुंकर मारली आणि गार्गीला बांधाच्या कडेला नेलं. तिचं काळीज माझ्या हाताला लागत होतं, इतकं जलद की ठोके मोजता येईनात.

"काकी, मध्येच ओरडू नका हं," ती हळूच म्हणाली.

"नाही ओरडत. पळ!"

आणि ती पळाली. कडेवरून तिने उडी टाकली आणि पंख उघडले. पिसांत राहिलेलं पीठ एकदम उधळलं, जेजुरीला भंडारा उधळतात तसं, आणि त्या पिवळ्या ढगातून पोरगी बाहेर पडली. एकदा पंख मारले, दोनदा मारले. वर गेली! दोन पुरुष उंच तरी गेली! मी उड्याच मारायला लागले. तेवढ्यात उजव्या पंखाचं टोक फाकलं. तिथून हवा निसटली, ती एका अंगावर कलली आणि तिरपी खाली यायला लागली, खाडीच्या चिखलाकडे.

माझं तोंड उघडलं. जन्मभर मी हाका मारत आले. नितेश रस्त्यावर गेला, मार हाक. गार्गी कठड्यावर चढली, मार हाक. ती हाक आत्ता गळ्यापर्यंत आलेली होती. आणि गार्गीचा चेहरा मला लख्ख दिसत होता. ती माझ्याकडेच बघत होती, तोंड उघडं, डोळे फाटलेले. ती माझ्या हाकेची वाट बघत होती. मी हाक मारली असती तर ती वळली असती, चिखलात पडली असती, जिवंत, धडधाकट. आणि उद्यापासून शाल.

मी पदराचा बोळा केला आणि तोंडात कोंबला. दातांनी चावून धरला. यांनी माझा दंड पकडला होता, यांची नखं रुतली होती, पण मी आवाज काढला नाही. माझ्या आयुष्यात एवढं जड काही मी उचललेलं नाही. आणखी खाली आली. अजून खाली. तिवरांच्या शेंड्यांना तिचे पाय लागले.

मग तिने माझ्याकडे बघणं सोडलं. तिने मान वर केली आणि घारींकडे बघितलं. घारी डावीकडून गोल फिरत होत्या. तिने डावा पंख खाली झुकवला, फाटक्या उजव्याने फक्त तोल धरला, आणि तीही गोल वळली. एक वळसा तिवरांवरून. दुसरा वळसा डोंगराच्या उतारावरून, आणि तिथे खालून वारा लागला. पंख टम्म फुगले. डोळ्यांदेखत पोरगी उचलली गेली! तिसऱ्या वळशाला बांधाच्या वर, चौथ्याला डोंगराच्या वर, आणि मी तोंडात पदर घेऊन नाचतेय, हे नाचतायत, नितेश टेम्पोच्या टपावर चढून नाचतोय, आणि कोणाच्याही तोंडून शब्द नाही.

वरून कट्ट असा आवाज आला. सुकी काटकी मोडावी तसा. बाळने एक बोट वर केलं. आम्ही श्वास धरून उभे. पुन्हा कट्ट, दुसरा खांदा. बाळने दुसरं बोट वर केलं आणि तो गुडघ्यांवर बसला. बांधावरच्या सगळ्या आभाळकरांनी एकदम पंख उघडले, त्या वाऱ्याने माझा अंबाडा सुटला. मागे वळून बघितलं तर मावशीची शाल खांद्यावरून घसरली होती आणि ती मान मागे टाकून वर बघत होती.

आता हाक. पण नियम म्हणजे नियम. उगाच म्हातारीला दिसत नाही म्हणून चेहरा गेला, असं नको. मी कनवटीचा लांबचा चष्मा काढून लावला. चष्म्यातून ती हसताना दिसली. थांबले. मग हसणं दिसेना, नुसता चेहरा. थांबले. मग चेहरा गेला, एक काळा ठिपका राहिला. तेव्हा मी तोंडातला बोळा काढला, छाती भरून श्वास घेतला आणि हाक मारली. अशी मारली की देवनारच्या घारी बिथरून पांगल्या.

"गार्गीऽऽऽ!"

ठिपका थबकला. वळला. मग तो मोठा होत गेला, त्याला पंख आले, चेहरा आला, आणि पोरगी जी सुसाट आली ती थेट माझ्या अंगावर. दोघी मातीत लोळलो. एकोणीस किलो, पण माझा श्वास कोंडला. तोंडभर डाळीचं पीठ, आणि दोन्ही सुरांत हसू. आता हात लावायला मोकळीक होती. जया आली आणि आम्हा दोघींना तिने पंखांत असं आवळलं की मला बाहेरचं काही दिसेना. "काकी, काकी," एवढंच ती म्हणत होती. मी रडत होते, ओरडत होते, कोणालातरी शिव्याही देत होते.

गार्गी त्यातून सुटून उभी राहिली. तिने वर बघितलं. चार-पाच घारी पुन्हा गोल धरत होत्या, वारा अजून थोडा शिल्लक होता.

"काकी, परत जाऊ?"

जया डोळे पुसत हसली. "वेडे, आता विचारायचं नसतं. आता तू मोकळी झालीस."

गार्गीने ऐकलं, पण ती जागची हलली नाही. टाचा उचललेल्या, पंख अर्धे उघडे, आणि नजर माझ्याकडे. नऊ वर्षं ही पोर खाली खेळायला जाताना मला विचारून गेली. माझ्या लक्षात आलं की तिचं मनगट माझ्या हातात आहे, आणि मी ते गच्च धरलंय. सोडवत नव्हतं. अजिबात सोडवत नव्हतं. मी एकेक बोट उचललं.

"जा," मी म्हटलं. "जेवायला मात्र घरी ये."

ती "हो" म्हणाली, पण तोवर तिचे पाय जमिनीवर नव्हते.